फोनच्या आधी पोचलेली गाडी

"आपले ड्रायव्हर मनकवडे झालेत," अहवालवाला म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खुर्चीसकट हलला. "माणसानं फोन करायच्या आधी गाडी दारात उभी. एकदा नाही, दोनदा नाही, दोनशे अकरा वेळा. उणे चाळीस मिनिटांत सेवा. जगात कुठे मिळेल का सांगा."

ती हसली नाही. सकाळपासून तिला त्याच्या शेंगदाणे खाण्याच्या आवाजाचा राग येत होता, आता त्यात हे हसणं. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात, तिसऱ्या मजल्यावर, ती एकोणीस वर्षं डेटाबेस सांभाळत होती. खालच्या मजल्यावर कानाला हेडफोन लावलेल्या बायका-पुरुषांकडे शहरभरातून फोन येत, कुणी पडलेलं, कुणी भाजलेलं, कुणाचा श्वास अडकलेला, आणि त्या प्रत्येक फोनची एक ओळ वर तिच्या टेबलात, म्हणजे संगणकातल्या तक्त्यात, येऊन बसे. नंबर, पत्ता, फोनची वेळ. दुसऱ्या टेबलात गाड्यांची नोंद. अहवालवाल्याला वरच्यांनी गेल्या पाच वर्षांचा हिशोब मागितला होता, फोन आल्यापासून किती मिनिटांत गाडी पोचली त्याचा. त्यानं पहिल्यांदाच दोन्ही टेबलं एकमेकांना जोडली, एका वेळेतून दुसरी वजा केली, आणि उत्तर शून्याच्या खाली गेलं. बरोबर आहे, जोडायचं कुणाला सुचलंच नव्हतं. काखेत कळसा असला तरी तो काढून बघावा लागतो.

"कुठल्या तारखा?" तिनं विचारलं.

"सगळ्या एकाच महिन्यातल्या आहेत बघा. चार वर्षांपूर्वीच्या. सहा तारखेपासून तेवीसपर्यंत, अठरा दिवस. त्याच्या आधी सगळं ठीक, नंतर सगळं ठीक. आणि गंमत म्हणजे हे सगळे घरच्या जुन्या फोनवरून आलेले. मोबाइलच्या ॲपवरून आलेला एकही नाही यात."

तो आणखी काही बोलत होता. तिला पुढचं ऐकू आलं ते भिंतीपलीकडून आल्यासारखं. सहा ते तेवीस. त्यात चौदा तारीख येते, आणि ती चौदा तारीख रविवार होती. हे बघायला तिला कॅलेंडर लागत नव्हतं. अहवालवाला म्हणाला, "तुम्हाला बरं वाटत नाही का?" आणि ती म्हणाली, "तुम्ही जरा तो पुडा बाजूला ठेवा हो. किबोर्डात जातात तुकडे." त्यानं पुडा ठेवला. बिचाऱ्याची काही चूक नव्हती, पण राग असाच असतो, ज्याच्या हातात पुडा दिसेल त्याच्यावर निघतो.

चार वर्षांपूर्वी त्या सहा तारखेला मोबाइलवरून गाडी बोलावण्याचं ॲप सुरू झालं होतं. ॲप करणाऱ्या लोकांनी शहाणपणा करून वेळ आपल्याच सर्व्हरच्या घड्याळाची लिहिली. ते इथल्या घड्याळाच्या एक तास मागे होतं. आणि तिच्या टेबलातला कॉलम असा जुना की तो फक्त आकडे घ्यायचा. दुपारचे तीन म्हटलं की तीन. कुणाचे तीन, कुठल्या घड्याळातले, हे त्याला विचारताच येत नव्हतं. वेळेचा दुसऱ्या जातीचा कॉलम असतो, तो आकडे आत घेतानाच कुठल्या घड्याळाचे ते विचारून घेतो आणि सगळ्यांना एकाच मापावर आणून ठेवतो. गाड्यांच्या टेबलात तो होता, कारण ते टेबल नंतर झालं, तेव्हा ती शहाणी झाली होती. फोनचं टेबल तिच्या पहिल्या वर्षातलं. तेव्हा एका सहकाऱ्यानं विचारलं होतं, यात घड्याळ कुठलं ते का ठेवत नाही, आणि ती म्हणाली होती, "एकाच गावातले फोन आहेत, इथं कुणाकडे दुसरं घड्याळ आहे?" चोवीस-पंचवीस वर्षांची होती. सगळं कळतं असं वाटायचं वय. नंतर ती प्रत्येक नव्या माणसाला याच गोष्टीवर व्याख्यान द्यायची, आकड्याला घड्याळाचं नाव नसेल तर ती वेळ नव्हे, ती अफवा. लोक वहीत लिहून घेत. आणि जुना कॉलम तसाच राहिला, चालतंय ना म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अठरा दिवस ॲपचे फोन एक तास मागे लिहिले जात होते. चोवीस तारखेला सकाळी तिनं त्या सगळ्यांच्या वेळेत एक तास मिळवला. एका ओळीचं काम. कॉल टेबल, सहा ते तेवीस, वेळ अधिक एक तास. फक्त ॲपवरून आलेल्या फोनांना, असं त्यात लिहायला हवं होतं. कुठून फोन आला तो कॉलम शेजारीच होता. ती चार शब्दांची अट तिनं लिहिली नाही, आणि जे फोन मुळात बरोबर होते तेही एक तास पुढे ढकलले गेले. स्क्रीनवर आलं, तीनशे काही ओळी बदलल्या. आकडा मोठा आहे असं तिला तेव्हा वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वडील जाऊन दहा दिवस झाले होते आणि घरी बसवत नाही म्हणून ती त्या दिवशी पहिल्यांदाच कामावर आली होती.

आणि त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेलेले असताना, तिनं वडिलांच्या घरचा नंबर टाकून चौदा तारखेची ओळ उघडली होती. तसं बघायची परवानगी नव्हती. फोनची वेळ, चार वाजून चार मिनिटं. आपणच सकाळी पुढे सरकवलेला काटा दुपारी आपणच वाचला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

आता तिनं तीच ओळ पुन्हा उघडली. चार वाजून चार. मग अहवालवाल्यानं केलं तेच केलं, शेजारी गाडीचं टेबल जोडलं. गाडी दारात पोचली, तीन वाजून तेवीस मिनिटं. ती बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे बघत बसली. एवढंच करायचं होतं तेव्हा. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, दिवसातून पन्नास वेळा करते ती. पण तेव्हा तिला दुसरं टेबल नकोच होतं. तिला हवा होता तो आकडा पहिल्याच ओळीत मिळाला होता. ही गोष्ट तिला आता इतकी स्वच्छ दिसली की तिनं नजर खिडकीकडे वळवली. खिडकीबाहेर रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस सतरंजी झटकत होता. धूळ उडायची आणि मग धप् असा आवाज यायचा, जरा उशिरानं.

वडील पडले तेव्हाही असाच आवाज झाला होता. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं तो ऐकला होता. "रेडिओवर तीनच्या बातम्या सुरू झाल्या आणि वर काहीतरी पडलं," तो तिला म्हणाला होता, गळ्यात टेप अडकवून, पुन्हा पुन्हा. "तीनच वाजले होते, पक्कं सांगतो." वडिलांजवळ त्या रविवारी धाकटा भाऊ होता. खरं तर रविवार तिचा. आई गेल्यापासून तसं ठरलेलंच होतं, रविवारी ती, बाकीचे दिवस धाकटा आणि वहिनी, कारण ते त्याच घरात राहत. पण नवं ॲप सुरू होऊन आठवडा झाला होता, रोज काहीतरी बिघडत होतं. तिनं शनिवारी फोन करून सांगितलं, या रविवारी तू बघ, मला कामावर जावं लागेल. धाकटा म्हणाला, "जा की. मी आहे ना." रविवारी संध्याकाळी वडील इस्पितळात वारले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. डॉक्टर असं म्हणतातच. पण ते 'थोडं' तिच्या डोक्यात दहा दिवस फिरत राहिलं, आणि चोवीस तारखेच्या दुपारी त्याचा बरोबर एक तास झाला.

तिला खापर फोडायला डोकं हवं होतं. स्वतःचं सोडून कुणाचंही.

त्या संध्याकाळी ती तशीच धाकट्याकडे गेली. काका होते, आत्या होती, वहिनी चहा गाळत होती. धाकटा खाली सतरंजीवर बसून इस्पितळाचे कागद लावत होता. "गाडीला फोन किती वाजता केलास?" तिनं चप्पल न काढताच विचारलं. "लगेच केला," तो म्हणाला, "आवाज आला तसा धावलो आणि फोन केला." "किती वाजता?" "ते काही बघितलं नाही ताई." "मी बघितलंय. चार वाजून चार मिनिटं. तीनला पडले आणि चारला फोन. एक तास तू काय करत होतास?" वहिनी म्हणाली, "तुमच्या मशीनला काय कळतंय? मी बाजारातून आले तेव्हा—" आणि तिनं वहिनीला हातानं थांबवलं. आत्या मान खाली घालून बसली होती. धाकट्यानं एक कागद उचलला, परत ठेवला, आणि म्हणाला, "बसल्या बसल्या डोळा लागला असेल माझा."

असेल. एवढा एक शब्द. चोर सापडावा तसा तिनं तो पकडला आणि घेऊन आली. चार वर्षं त्याच्याशी बोलली नाही. मधे एकदा वहिनीचा फोन आला होता, "हे दुपारचे झोपत नाहीत आता. जेवण झालं की दुकानात जाऊन उभेच राहतात. गिऱ्हाईक नसलं तरी उभे. तुम्ही एकदा बोला ना त्यांच्याशी." आणि ती म्हणाली होती, "झोप पूर्ण झाली असेल त्याची." हे वाक्य तिनं तेव्हा मनात दोन-तीनदा घोळवलं होतं, जमलं म्हणून. आता ते आठवलं तसं तिच्या कानशिलांत ऊन चढलं. असली जीभ झडत कशी नाही.

साहेबांना सांगावंच लागलं. साहेबांच्या केबिनमध्ये एसी इतका थंड असतो की माणसाला आपण गुन्हा केल्यासारखं वाटतं, आज तर केलाच होता. साहेबांनी सगळं ऐकलं, पेनाचं टोपण काढलं, घातलं. "म्हणजे वजा एक तास. किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं."

"मग करून टाका. अहवालात काही लिहायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार वर्षांत कुणाची तक्रार आलीय का? नाही. आता आपणच कशाला दवंडी पिटायची?"

"दोनशे अकरा घरं आहेत साहेब."

"त्यांना काय माहीत? कोण येतंय आपल्याकडे ओळी बघायला?" ते हसले. "तेव्हा केलं कुणी होतं हे?"

"मी."

"मग तर बरंच झालं," साहेब समजूतदारपणे म्हणाले. "घरातली गोष्ट घरात."

तिला टेबलावरचा पेपरवेट उचलून काचेवर मारावासा वाटला. तिनं तो उचललाही, आणि साहेबांच्या कागदांवर नीट ठेवून ती बाहेर आली. जिन्यात थांबली. खालून टेलिफोनवाल्यांचे आवाज येत होते, पत्ता सांगा, श्वास चालू आहे का, घाबरू नका. किती शांत बोलतात हे लोक. तिला वाटलं, आपण खाली जाऊन यांच्यापैकी एकाच्या समोर उभं राहावं आणि म्हणावं, माणूस पडलाय, चार वर्षं झाली, गाडी पाठवा.

वडिलांच्या घरात भिंतीवर एक घड्याळ होतं. दहा मिनिटं पुढे. पोरांना शाळेला उशीर होऊ नये म्हणून वडिलांनीच ते तसं ठेवलं होतं, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असा अलिखित नियम. ती सात वर्षांची असताना तिनं शेजारच्यांचं घड्याळ बघून ते ओळखलं. तेव्हापासून ती निवांत वेणी घालायची, मनातल्या मनात दहा वजा करायची आणि बरोबर वेळेला निघायची. धाकट्याला तिनं सांगितलं नाही. तो भिंतीकडे बघायचा, एक मोजा हातात घेऊन तो धावत सुटायचा. शाळेचं फाटक तेव्हा उघडलेलंही नसायचं. ती मागून सावकाश पोचायची तेव्हा तो बंद फाटकाच्या गजांना धरून उभा असायचा, एकटाच, घामाघूम, आपल्यालाच उशीर झाला आणि म्हणून फाटक लावून घेतलं असं समजून रडकुंडीला आलेला. तिला हसू यायचं. एवढं रोज घडतं तरी याला कळत कसं नाही. तो रोज फाटक उघडताना बघायचा, रोज आत जायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळावर विश्वास ठेवायचा. वडील म्हणायचे, "याचं मन साधं आहे. तू लक्ष ठेव याच्यावर."

लक्ष ठेवलं, चांगलंच ठेवलं. तिचा तिला इतका संताप आला की जिन्याचा कठडा तिनं दोन्ही हातांनी धरला. आणि त्या संतापातसुद्धा एक कोपरा धाकट्यासाठी होताच, हे तिला कळत होतं. याला तोंड नव्हतं का? स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली दुपार एका आकड्यापुढे अशी टाकून द्यायची? शिंप्याला वर बोलवायचं, वहिनीला बोलू द्यायचं, मला दोन थोबाडीत मारून हाकलून द्यायचं. पण नाही. डोळा लागला असेल माझा. पुळचट कुठला. असं मनात म्हटलं आणि लगेच तिला रडू आलं, पण ते रागाचंच होतं, गरम आणि थोडं.

ती जागेवर परतली. अहवालवाल्यानं शेंगदाण्यांचा पुडा कपाटात ठेवून दिला होता आणि तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. तिनं दुरुस्तीची ओळ लिहिली. कॉल टेबल, सहा ते तेवीस, वेळ उणे एक तास. या वेळी अट घातली, फक्त घरच्या फोनवरून आलेले. मग हात थांबला. ही ओळ चालवली की चार वाजून चार नाहीसे होतील. तिथं तीन वाजून चार येतील, जणू पहिल्यापासून तेच होते. साहेबांना हवं होतं तसं. तिनं आधी एक नवा कॉलम केला, 'आधी लिहिलेली चुकीची वेळ', आणि दोनशे अकराच्या दोनशे अकरा चुका त्यात उतरवून ठेवल्या. पुढच्या रकान्यात कारण, आणि कारणापुढे स्वतःचं नाव. अहवालवाल्याला म्हणाली, "तुमच्या अहवालात हे पान जोडा. साहेब नको म्हणतील. तरी जोडा." तो म्हणाला, "माझी नोकरी आहे हो बाई." ती म्हणाली, "सही माझी आहे खाली." त्यानं मान हलवली, कुठल्या बाजूला ते नीट कळलं नाही. मग तिनं ओळ चालवली. तीन वाजून चार मिनिटं. पडल्यापासून चार मिनिटांत. एखाद्या डॉक्टरलाही जमलं नसतं इतक्या लवकर त्यानं फोन केला होता.

घड्याळात दीड वाजला होता. तिनं दुकानाचा नंबर लावला. नंबर पाठ होता, चार वर्षांत विसरली नव्हती याचाही तिला राग आला.

"बोला, चष्मेवाला." मागे काच घासायचं चाक फिरत होतं.

"मी बोलतेय."

चाक थोडा वेळ तसंच फिरलं. "ताई? काय झालं? बरी आहेस ना?"

तिनं सांगितलं. जिन्यात तयार केलेलं सगळं वाक्यच्या वाक्य विसरून भराभर सांगितलं, ॲप, कॉलम, एक तास, चार शब्दांची अट. त्याला त्यातलं काही कळत नसणार हे कळत होतं, तरी सांगत राहिली, कारण थांबलं की पुढचं बोलावं लागणार होतं. शेवटी म्हणाली, "तू तीन वाजून चार मिनिटांनी फोन केलास. गाडी तीन वाजून तेवीस मिनिटांनी दारात होती. तुला अजिबात उशीर झाला नव्हता. चूक माझी होती. आकडा मीच बदलला होता."

चाक बंद झालं. दुकानात कुणीतरी काही विचारलं, त्याला तो म्हणाला, जरा थांबा. मग म्हणाला, "म्हणजे मी झोपलो नव्हतो?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"चार मिनिटांत कोण झोपतं?" तिचा आवाज चढला. "तू भांडला का नाहीस माझ्याशी? शिंप्याला विचारायचंस. वहिनी सांगत होती. तू लगेच फोन केला होतास, तुला माहीत होतं ना? मग माझं का ऐकून घेतलंस?"

"तू बघितलं होतंस ना," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, आणि तेच तिला सहन होईना. "मी घड्याळ बघितलं नव्हतं. तू आकड्यात कधी चुकत नाहीस. मग मी आठवत बसलो. रोज आठवायचो, झोप कुठे लागली असेल. पहिले काही महिने काहीच आठवेना. मग हळूहळू आठवलं."

"काय आठवलं?"

"भिंतीला टेकून बसलो होतो. बाबा आत होते. डोळे मिटले आणि स्वप्न पडलं. शाळेचं फाटक बंद, मी गज धरून उभा, आणि आतून बाबा हाक मारतायत आणि मला आत जाता येत नाही. मग जागा झालो, धावलो, बाबा खाली पडलेले. अगदी स्पष्ट आठवतंय, ताई. उन्हाचा पट्टा कुठवर आला होता तेसुद्धा. पहिलं काय होतं, आवाज आल्यावर मी धावलो ते, ते आता मला दिसतच नाही. फक्त झोप दिसते."

तिच्यासमोर स्क्रीनवर दोन्ही वेळा शेजारीशेजारी होत्या, जुनी आणि खरी.

"मी झोपलोच नव्हतो, तर ते स्वप्न मी कधी बघितलं?" तो विचारत होता, खरंच विचारत होता, लहानपणी गणित अडलं की विचारायचा तसं. "तू बघून सांग ना. वेळा तुलाच कळतात."